अडतीस टक्के

आण्णा, तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलताहेत की मला तिथून उठून जावंसं वाटतं. देवमाणूस होता म्हणे. तू देवमाणूस नव्हतास. तू हट्टी होतास, टोमणे मारण्यात आटपाडी तालुक्यात तुझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि जाता जाता माझ्याशी तू जे केलंस ते देवमाणूस करत नाही. मीही तुझ्याशी जे केलं ते बहीण करत नाही. आपण दोघं एकाच आईची, यात शंका नको.

महिना झाला. रडून झालं, तेरावा झाला. आता जे बोलायचं राहिलंय ते बोलते. तू उलटून उत्तर देणार नाहीस, तेव्हा हा वाद मी जिंकणार असं कुणाला वाटेल. जिंकायला आता काही उरलेलं नाही.

तुझ्या काळजाचा कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. टाईप केलेलं एक पान, खाली शिक्का, आणि त्याला टाचणी लावून जोडलेली गुळगुळीत कागदाची दोन हात लांब पट्टी. तिच्यावर काळ्यावर पांढऱ्या लाटांच्या रेघा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा वर्तमानपत्रात असल्याच रेघा छापून आल्या होत्या. तेव्हाही आपल्या गावात त्या बघून कुणाला काही कळलं नव्हतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

माघात विहिरीतून वर येताना तू पायरीवर मटकन बसलास आणि बराच वेळ उठला नाहीस. उशाला दोन वाकळा घेतल्याशिवाय तुला झोप येईना. वहाण काढली की पट्ट्याची खूण पायावर खोल राहायची. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आईनं अंगारा लावला, मी व्याख्यान दिलं. तू कुणाचंच ऐकलं नाहीस. शेवटी जालिंदरनं, तुझ्या पलटणीतल्या, शेजारच्या वाडीच्या जालिंदरनं, तुला दंडाला धरून एसटीत घातलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तुझी ती नवी तपासणी झाली.

परत आलास ते मोहीम मारून आल्यासारखा. अंगणात बसून सगळ्यांना सांगत होतास.

"डाव्या कुशीवर निजवलं. छातीला गार, चिक्कट कायतरी फासलं आन पेन्शिलीयेवडी नळी बरगड्यात दाबून धरली. सुई न्हाई, कापाकापी न्हाई. नुसता आवाज सोडत्यात आत. आपल्याला ऐकू येत न्हाई त्यो. काळजावर आपटून माघारी येतोय आन कागदावर उमटतोय."

आई म्हणाली, "आवाजानं कसं दिसंल रं?"

"आये, पहार हानली की खडकामागं काय हाय त्ये मी सांगतो का न्हाई? भरीव आसला की खणकन वाजतंय, पोकळ आसला की बद्द. तसंच की."

मी बी. ए. झालेली, पण मला ते इतकं सोपं करून सांगता आलं नसतं. आता वाटतं, तिथंच मला शंका यायला हवी होती. जो माणूस आवाजावरून खडक वाचतो, त्याला स्वतःच्या छातीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची काय गरज होती?

पण तू कागद माझ्या हातात ठेवलास. "वाच, बीए."

विहिरीवरचे दोन गडी होते, जालिंदर होता, आई, वहिनी. मी उभी राहिले. वर्गात धडा वाचते तशी, कागद हात लांब करून धरला. अजून तोंड उघडलं नव्हतं तोवर आई म्हणाली, "मोट कशाची गं ती?"

"आये, मधे बोलू नको. इंग्रजी आहे हे," मी म्हटलं.

त्या दिवसांत आईच्या तोंडी विहीर, पाणी, मोट याशिवाय दुसरं काही नसायचं. मी तिच्याकडे बघितलंही नाही.

वाचत गेले. झडपा चारी ठीक. काळजाभोवती पाणी साठलेलं नाही. आत गुठळी नाही. प्रत्येक वाक्याला वहिनी डोळे मिटून हात जोडत होत्या. डावा कप्पा विस्तारलेला, असं होतं. त्यावर आई म्हणाली, "मोठंच हाय माझ्या लेकाचं काळीज, त्याला यंत्र कशाला लागतंय?" सगळे हसले. मग शेवटची ओळ आली. इजेक्शन फ्रॅक्शन, अडतीस टक्के.

मी पेटीतला शब्दकोश मागवला. इजेक्शन म्हणजे बाहेर टाकणे. फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक. दोन्ही शब्द सापडले आणि दोन्ही मिळून काय होतं ते कळलं नाही. 'हे मला कळत नाही, कराडला डॉक्टरना दाखवू' एवढंच म्हणायचं होतं. सात-आठ शब्द. ते या घरात मी कधी म्हटले नव्हते. आपल्या घरात टक्के एकाच कामाला येतात. पस्तीसला पास.

"अडतीस," मी म्हटलं. "तीन जास्तच. पास."

आणि तेवढ्यावर थांबले असते तर मी तुझी बहीण कसली? "मॅट्रिकला इंग्रजीत बत्तीस पडले होते तुला. तुझ्यापेक्षा तुझं काळीज हुशार निघालं, आण्णा."

गडी खदखदून हसले. सगळ्यांत जास्त तू हसलास, ठसका लागेपर्यंत. एकटा जालिंदर हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, चौथी शिकलेला माणूस, त्याला विनोद कळला नाही.

तू डोळे पुसत विचारलंस, "म्हंजी हिरीत उतराय हरकत न्हाई?"

"पहिला नंबर नाही आलेला. पण नापासही नाहीस. जपून उतर."

हे माझे शब्द. साक्षीदार पाच.

ती विहीर. दुष्काळात तू रजेवर आलास तेव्हा आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तू एसटीतून उतरलास आणि रस्त्याकडेला ढिगावर बसलेली बाई बघून पुढं गेलास, मग मागं फिरलास. ती तुझीच आई होती. हे तू मला एकदाच सांगितलंस, पुन्हा कधी नाही. पलटणीतून सुटून आल्यावर पहिलं काम म्हणून तू पहार घेतलीस. सहा परस खाली गेलास, सहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढं. खाली काळा पाषाण. पाण्याचा थेंब नाही. लोक म्हणाले जागा चुकली. तू खडकाला कान लावून म्हणायचास, हाय, आत हाय. मी म्हणायचे, त्या खडकालाच राखी बांधते आता, तुझ्यापेक्षा तो ऐकतो.

तुझे उपकार मी मोजत बसणार नाही, तुलाही ते आवडत नसे. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मला कराडच्या कॉलेजात घालायचं म्हटल्यावर आईनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती. तू रजा वाढवून घेतलीस, माझी ट्रंक खांद्यावर टाकलीस आणि स्टँडपासून वसतिगृहापर्यंत चालत नेलीस, ताठ मानेनं, परेडला चालल्यासारखा. दारात ट्रंक उतरवून म्हणालास, "सुमे, मला विंग्रजीनं पाडलं. तू विंग्रजीला पाड." आणि माझा निकाल लागला तेव्हा हलगीवाला सांगून मला स्टँडपासून घरापर्यंत वाजवत आणलंस. मी लाजेनं मेले होते. तुझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते. मुलीच्या बी. ए. ला हलगी कुणी वाजवतं का? ती हलगी मला अजून ऐकू येते, आणि आज पहिल्यांदा सांगते, मला ती आवडली होती.

म्हणूनच पुढचं सांगणं अवघड आहे.

उन्हाळ्यात पेपर तपासायला मी कराडला गेले. माझ्या मैत्रिणीचे यजमान तिथं डॉक्टर आहेत. जेवायला बोलावलं होतं. मी कौतुकानं सांगितलं, भावाची अशी अशी नवी तपासणी झाली, आणि वहीत उतरवून घेतलेले आकडे दाखवले. हो, मी ते उतरवून घेतले होते. दाखवायला. माझ्या भावाचं काळीज यंत्रावर बघितलंय, ही काही साधी गोष्ट नव्हती.

डॉक्टरांनी वही दिव्याजवळ नेली. म्हणाले, "हे आता कुठं आहेत?"

"घरी. विहीर खोदताहेत."

त्यांनी वही मिटली. "बाई, शंभर टक्के कुणाचंच नसतं. डाव्या कप्प्यात रक्त भरतं, दर ठोक्याला त्यातलं काही बाहेर फेकलं जातं, काही आत उरतं. शंभरातलं साठ-पासष्ट बाहेर पडलं की माणूस ठणठणीत. यांचं अडतीसच पडतंय. उरलेलं मागं तुंबतंय. म्हणून कप्पा ताणून मोठा झालाय. दम लागत असेल, पाय सुजत असतील."

"पण झडपा ठीक आहेत ना?"

"झडपा ठीक आहेत. काळजाचा स्नायू थकलाय."

"म्हणजे पस्तीसला पास, असं नसतं?"

ते हसले नाहीत. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "गावाकडचे लोक. अडाणी असतात."

आण्णा, हे वाक्य मी बोलले. भाताचा घास हातात होता.

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मीठ बंद. जड उचलणं बंद, चढणं-उतरणं बंद. विहिरीचं नाव काढायचं नाही. गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, आठवड्यात घेऊन या, आराम केला आणि औषध घेतलं तर हा माणूस बरीच वर्षं काढेल. ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. तो शुक्रवार होता.

शनिवारी घरी आले. सबंध वाटेत एसटीत मी वाक्य जुळवत होते. अंगणात तू वहिनींच्या वडिलांशी बोलत बसला होतास. मला बघितल्याबरोबर ओरडलास, "मामा, ही आमची सुमी. डाक्टर नुसतं टंकून दित्यात, आरथ आमच्या घरात लावत्यात." म्हातारा कौतुकानं माझ्याकडे बघायला लागला. मी पिशवी खाली ठेवली. वहिनींनी चहा दिला. मी तो प्याले.

का सांगितलं नाही? लोक मला अजून आडून आडून विचारतात, तुम्हाला काही अंदाज आला नव्हता का. मी खोटं बोलणार नाही. तुला धक्का बसेल म्हणून गप्प बसले, असं नाही. आईच्या काळजीनंही नाही. मला त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर उभं राहून 'मी चुकीचं वाचलं' एवढं म्हणायचं नव्हतं. आज नको, पाहुणे आहेत. उद्या नको, गडी आहेत. असे अकरा दिवस.

वर मी शहाणपणा केला. वहिनींना स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "आण्णाच्या जेवणात मीठ घालू नका."

"का वं वन्स?"

"ऊन फार आहे. बाधतं."

तू पहिला घास घेतलास, थांबलास, आणि वहिनींकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. तसंच बघत वहिनींना म्हणालास, "रतन, मिठाचा डबा आन." तीन बोटांत मीठ घेतलंस आणि भाकरीवर सावकाश भुरभुरलंस, पेरणी केल्यासारखं. "पास झालेल्याला आळणी कशापायी गं, सुमे?"

रोज तेच. मी अळणी करायला लावायची आणि तू माझ्या डोळ्यांत बघत मीठ खायचास. मला वाटायचं, किती हट्टी माणूस आहे. वहिनी म्हणायच्या, बहीणभावाचा खेळ चाललाय.

दहाव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी मी विहिरीवर आले. तू वर चढत होतास. चार पायऱ्या चढायच्या, थांबायचं, खडकावर हात ठेवायचा, बघितल्यासारखं करायचं. पुन्हा चार. वर आलास तेव्हा तुझे ओठ जांभळे होते.

"उद्यापासून उतरू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"गडी आहेत की."

"गडी आदी बी हुते. का, त्ये सांग."

"वय झालं तुझं."

"चाळीशी न्हाई गाठली आजून. कारन सांग, सुमे."

"तुझ्यानं होत नाही. खडक बघायच्या निमित्तानं बसतोस मधे मधे. लोक हसतात तुला."

कुणी हसत नव्हतं. ते मी जागच्या जागी तयार केलं.

तू पहार खांद्यावर घेतलीस. आवाज मऊ होता तुझा, आणि म्हणून मला जास्त राग आला. "आजून येकदा इचारतो. कारन सांग."

"मर तिकडं," मी म्हटलं आणि घराकडे वळले.

मंगळवारी सकाळी तू नवव्या पायरीवर बसलेला होतास. एक हात खडकावर, मान तिरकी, कान देऊन ऐकत असल्यासारखी. वर गडी तंबाखू मळत होते. त्यांनी तुला बघितलं होतं, पण तू रोजच तसा बसायचास. वहिनी भाकरी घेऊन आल्या. "आवं, वर या," म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा चिडून म्हणाल्या. मग त्या स्वतःच उतरल्या.

तेराव्याला जालिंदर आला. जेवला नाही. कडब्याच्या गंजीमागं मला बोलावलं.

"ताई, तुमाला सांगितल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. तितला डाक्टर आपल्याच सातारकडचा हुता. आर्धा तास बसून समदं मराठीत सांगितलं त्यानं. आण्णा म्हनला, न्हाई समजलं. मग डाक्टरनं कागुद उलटा केला आन पेन्शिलीनं मोट काढली. म्हनला, ही भरून वर येती, पर काठावरच्या थारोळ्यात पुरी वतत न्हाई. निम्म्याच्या वर पानी पोटात घिऊनच माघारी खाली जाती. तसं तुमचं काळीज. हिरीत उतरायचं न्हाई, मीठ खायाचं न्हाई, गोळ्या चुकवायच्या न्हाईत."

"आणि मग त्याला समजलं?"

"मोट समजंना व्हय आमाला? लगीच समजलं."

गोळ्या तुझ्या चंचीत तशाच सापडल्या होत्या. वहिनींना तू त्या ताकदीच्या म्हणून सांगितलं होतंस.

"मग तो कागद माझ्याकडे कशाला दिला?"

जालिंदरनं टोपी काढली. "यष्टीत मला म्हनला, सुमीला दितो वाचाय. तिला उमगलं आन कारन सांगून ती उतरू नगो म्हनली, तर पहार टाकून घरी बसतो. तिचं ऐकीन. डाक्टरचं न्हाई ऐकायचो, पर तिचं ऐकीन. न्हाई उमगलं, तर हिर पुरी करतो. मला आईची शपत घातली, बोलायचं न्हाई म्हनून. तुमी कागुद घिऊन हुभ्या ऱ्हायला, तवा मी मनात म्हनत हुतो, आता ही मागं बघंल. आता बघंल. तुमी न्हाई बघितलं."

मी कागद समोर धरून वाचत होते. टाईप केलेली बाजू माझ्याकडं होती आणि मोट त्या सगळ्यांकडं. आईनं विचारलंसुद्धा.

हे तू काय केलंस, आण्णा? आपण जगायचं की नाही याचा पेपर तू धाकट्या बहिणीला सोडवायला दिलास आणि समोर बसून हसलास. हा कसला विश्वास? माझ्या अंगावर तुझं मरण टाकून तू मोकळा झालास. शाळेत मला पोरींसमोर उभं राहता येत नाही. कुणी अडतीस मार्कांची उत्तरपत्रिका पुढं केली की माझा हात थांबतो. तू शत्रूशी असं वागला नसतास.

आणि तरी तू तीनदा विचारलंस. कारण सांग, सुमे. मीठ खाताना रोज विचारलंस. तुला ठाऊक होतं की मला ठाऊक झालंय, नाहीतर अळणी जेवण कुठून आलं असतं? तू थांबला होतास. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या खांद्याला होती, आणि तू एका वाक्यावर पहार टाकायला तयार होतास. इतकं सोपं उत्तर मी कधी कोरं सोडलं नव्हतं. तू हट्टानं बोलला नाहीस, मी तोऱ्यानं. एक हट्ट, एक तोरा, आणि मधे नऊ पायऱ्या.

त्याच संध्याकाळी पाहुणे अंगणात बसलेले असताना वहिनी आतून तो कागद घेऊन आल्या. तुझ्या पेटीत त्यांनी जपून ठेवला होता.

"वन्स, ह्यो परत वाचा."

"वहिनी, आता कशाला?"

"समद्यांम्होरं वाचला हुता. समद्यांम्होरंच वाचा. आन मागं मोट काढलीया, ती बी वाचा. मला अक्षर येत न्हाई, मोट वळखती मी. ह्यास्नी इचारलं तर म्हनले, हिरीची हाय. हिरीची मोट दवाखान्याच्या कागदावर कशाला काढतील?"

मी उभी राहिले. या वेळी कागद जवळ धरला. वाचलं. झडपा ठीक आहेत, म्हणजे दारं ठीक आहेत, पण आत ढकलणारा थकलेला आहे. कप्पा विस्तारलाय, म्हणजे काळीज ताणून ताणून सैल पडलंय, जुन्या मोटेचं कातडं पडतं तसं. अडतीस टक्के म्हणजे शंभरातलं अडतीसच बाहेर पडतं. चांगल्या माणसाचं साठाच्या वर पडतं. हे पास-नापासाचे मार्क नाहीत. मी मार्क म्हणून वाचले. मग कागद उलटा केला आणि मोट वाचली. दोन रेघांचं थारोळं, एक फुगलेली पिशवी, तिच्यात निम्म्याच्या वर तिरक्या रेघा मारलेलं पाणी, आणि खाली जाणारा एक बाण.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मी इचारलं हुतं गं, मोट कशाची म्हनून."

वहिनी अजून उभ्या होत्या. "ह्ये तुमाला आज उमगलं, का आदी?"

आज, असं म्हणता आलं असतं. जालिंदरनं सांगितलं, आजच. कुणाला कळणार होतं?

"आधी," मी म्हटलं. "कराडला. त्या मंगळवारच्या अकरा दिवस आधी."

त्यांनी बोटं मोजली. शनिवार, रविवार, सोमवार, अशी एकेक. अकराव्या बोटाला हात संपले तेव्हा त्यांनी पहिलं बोट पुन्हा धरलं. मग माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि आत गेल्या.

विहीर थांबलेली नाही. वहिनी गड्यांना घेऊन काठावर उभ्या राहतात. अजून कोरडीच आहे. नववी पायरी कुणी वापरत नाही, आठवीवरून दहावीवर पाय टाकतात.

मी दर शनिवारी घरी येते. वहिनी मला बोलतात, कामापुरतं. पाट मांडतात, पाणी ठेवतात, भाकरी तव्यावरची गरम वाढतात. माझं कालवण आधी वेगळं काढतात आणि मग बाकीच्यांच्या पातेल्यात मीठ घालतात. पहिल्या दिवशी मी मिठाच्या डब्याकडे हात नेला. त्यांनी डबा उचलून मागं ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या, तू बघायचास तशा.

मी परत हात नेलेला नाही. भाकरी मोडते, अळणी कालवणात बुडवते, ताट पुसून जेवते. त्या समोर बसून असतात, माझा शेवटचा घास होईपर्यंत.